संगणकात बसवलेली घंटा

आईच्या कार्यालयात संगणक आले तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा आठवीपर्यंत शिकलेले, आमच्या या हिंदी मुलखातल्या गावात बडा बाजारात कापडाच्या दुकानात कामाला. आई मॅट्रिक, आणि लग्नाआधी इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास झालेली. त्या परीक्षेच्या बळावर ती एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट होती. तिला इंग्रजी बोलता येत नसे. टाइप केलेल्या पत्राचा अर्थ विचारला तर म्हणायची, "अर्थ साहेबाला ठाऊक. माझ्याकडे नुसती अक्षरं येतात." पण ती अक्षरं तिच्या हातून अशी पडायची की शेजारच्या खोलीतले लोक बोलणं थांबवायचे. कार्यालयात तिच्या तोडीचं कोणी नव्हतं, आणि हे तिला चांगलं माहीत होतं.

आलेले तीन संगणक नवे नव्हते. कुठल्याशा मोठ्या कार्यालयानं वापरून काढून टाकलेले, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारे. त्यांच्यासोबत आदेशही आला. महिन्याभरानं तिघाही टायपिस्टांची संगणकावर परीक्षा होणार. ठरलेला वेग गाठेल तो टायपिस्ट राहील, न गाठेल तो डाक विभागात जाईल. डाक विभाग म्हणजे दुसऱ्यांनी टाइप केलेली पत्रं लिफाफ्यात घालायची आणि तिकिटं चिकटवायची.

"पगार तोच ना? मग बिघडलं कुठं?" बाबा म्हणाले.

तव्यावरची पोळी आईनं इतकी दाबली की ती एका बाजूला करपली. मग थोड्या वेळानं, फडताळात डबे लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकवीस वर्षं झाली मला त्या खुर्चीवर."

तिला संगणक शिकवायला कंत्राटावरचा एक तरुण ऑपरेटर होता. पहिल्याच आठवड्यात आईची टिंगल सुरू झाली. तिनं टाइप केलेल्या पानात मधली मधली अक्षरं गायब असायची आणि ओळी नको तिथे तुटलेल्या असायच्या. एक ओळ लांब, पुढची चार शब्दांची, त्यापुढची दोन शब्दांची. तो कागद ऑपरेटरनं सगळ्यांना दाखवला म्हणे. घरी येऊन आई एवढंच म्हणाली, "मेलं ते मशीन वेड्यासारखं वाजतं." मला काही कळलं नाही. मी कॉलेजात संगणक हा विषय घेतला होता, पण वर्गात प्रश्न विचारायची माझी हिंमत नसे. आईला मी काय शिकवणार, असंच मला वाटलं.

एका शनिवारी मला सुट्टी होती म्हणून मी तिच्याबरोबर गेले. साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत मला तिच्या शेजारी बसू दिलं. आई टाइप करू लागली. ऑपरेटर मागून म्हणाला, "अम्माजी, मशीन है, सिलबट्टा नहीं। धीरे, धीरे।" सिलबट्टा म्हणजे पाटा-वरवंटा.

"भैया, धीरे तुम करो," आई मागे न बघता म्हणाली. "हमें काम करना है।"

तेवढ्यात संगणकातून 'टीं' असा आवाज आला. आईचा डावा हात झटकन वर उठला, हवेत पडद्याच्या कडेपर्यंत गेला, थबकला, खाली आला, आणि मग उजव्या करंगळीनं तिनं ओळ बदलायचं बटण दाबलं. ओळ अर्धीसुद्धा झाली नव्हती.

"आई, इथे का तोडलीस ओळ?"

"घंटा वाजली ना."

मी तिच्याकडे बघतच राहिले. लहानपणापासून मी तिचा टाइपराइटर ऐकलेला होता. ओळ संपायला सात-आठ अक्षरं उरली की त्यातली छोटी घंटा वाजते. टायपिस्ट हातातला शब्द पुरा करते, डाव्या हातानं दांडा ढकलते, आणि कागद पुढच्या ओळीवर जातो. नजर सगळा वेळ मूळ कागदावर. ओळ कुठे संपते हे आईनं एकवीस वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं, फक्त ऐकलं होतं.

आणि संगणक वाजत होता तो वेगळ्याच कारणानं. त्यात घातलेलं सॉफ्टवेअर नव्या, जलद संगणकांसाठी बनवलेलं. या जुन्या यंत्राला ते पेलत नव्हतं. आईची बोटं पुढे धावत, अक्षरं मागून येत. मागे पडलेली अक्षरं थोपवून धरायला संगणकाजवळ अगदी थोडी जागा असते. ती भरली की तो 'टीं' करतो आणि पुढची अक्षरं सरळ टाकून देतो. ऑपरेटर सावकाश टाइप करायचा, म्हणून त्याच्या हाताखाली तो कधी वाजलाच नव्हता. म्हणजे आई चुकत होती ती हळू असल्यामुळे नव्हे, जलद असल्यामुळे. हे मला समजलं तेव्हा मला उठून सगळ्यांना सांगावंसं वाटलं. पण मी तिथे काही बोलले नाही. घरी येताना खंडेराव गेटजवळ रिक्षात फक्त आईला सांगितलं.

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे माझा दोष नाही?"

"नाही."

"मग त्याला माझ्या वेगानं चालायला शिकव."

तिनं हे भाजी आणायला सांगावं तसं सांगितलं. मला रात्री जेवण गेलं नाही.

सोमवारी मी आमच्या संगणक शिकवणाऱ्या सरांकडे गेले. दारात दोनदा आत-बाहेर केलं, तेव्हा तेच म्हणाले, "आना है कि जाना है, बेटा?" मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. कपाटातून त्यांनी एक फ्लॉपी काढली. तिच्यावर एक एडिटर होता. मजकूर टाइप करायचा, खोडायचा, साठवायचा, छापायचा, बस. जुन्या संगणकांसाठी कोणीतरी बनवलेला, अगदी स्वस्तातला. कॉलेजनं तो कधीतरी घेतला आणि नंतर मोठी सॉफ्टवेअरं आली तसा विसरला. तो इतका लहान होता की एका फ्लॉपीवर तसे वीस मावले असते. सोबत त्याचा मूळ प्रोग्रामही दिलेला होता, सी भाषेत, ज्याला हवा त्यानं बदलून घ्यावा म्हणून.

"इसमें घंटी डाल सकोगी?" सरांनी विचारलं.

मी "कोशिश करूँगी" म्हणाले. खरं तर मला वाटत होतं की मला जमणार नाही.

तो प्रोग्राम मी वहीत उतरवून वाचला. निम्मा कळला. दुसऱ्यांदा वाचल्यावर थोडा अधिक. हा एडिटर अक्षर थेट पडद्याच्या स्मृतीत लिहीत होता, मध्ये कुठे रेंगाळत नव्हता. म्हणूनच जुन्या यंत्रावरही तो बोटांच्या पुढे पळे. मी काही मोठं केलं नाही. बासष्टावं अक्षर पडलं की घंटा, एवढ्या चार-पाच ओळी कॉलेजच्या संगणकावर त्यात घातल्या. पुढच्या शनिवारी फ्लॉपी घेऊन आईकडे गेले. ती टाइप करू लागली. एकही अक्षर हरवलं नाही. बासष्टाव्या अक्षराला टीं. त्रेसष्टाव्याला टीं. चौसष्टाव्याला, पासष्टाव्याला, टीं टीं टीं टीं.

"अगं, आरती चाललीय का?" आई हसू लागली. ऑपरेटरही हसला, सगळी खोली हसली, आणि मला रडू येईल असं वाटलं. मी 'बासष्टावं' असं लिहायच्या जागी 'बासष्टापासून पुढचं प्रत्येक' असं लिहून बसले होते.

"रडतेस काय," आई हळूच मराठीत म्हणाली. "माझं पहिलं पत्र साहेबानं फाडून टाकलं होतं. सुधार आणि आण."

पण त्या दिवशी मला आणखी एक दिसलं होतं. घंटा झाली की तिचा डावा हात अजूनही हवेत जात होता. प्रत्येक ओळीला तो हात जाऊन परत येईपर्यंत वेळ फुकट जायचा. त्या जुन्या कीबोर्डच्या डाव्या टोकाला दहा जादा बटणं दोन उभ्या रांगांत होती. मी घंटेची चूक सुधारली आणि एडिटरमध्ये आणखी दोन ओळी घातल्या: डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबलं तरी ओळ बदलावी. आता हाताला जायला जागा झाली. आईनं ते दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं, आणि माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप दिली की माझा चष्मा घसरला. उरलेले दहा दिवस ती रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्यावर बसली.

परीक्षेच्या दिवशी मुख्यालयातून परीक्षक आले. मला आत बसायची परवानगी नव्हती. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. खिडकी उघडी होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं, थोडं दिसतही होतं. इतर दोघे टायपिस्ट त्या मोठ्या सॉफ्टवेअरवर बसले. आईनं पर्समधून फ्लॉपी काढली.

"ये क्या है?" परीक्षकांचा आवाज.

"एडिटर है, साहब। इसी में टाइप करूँगी।"

"सबका सॉफ्टवेयर एक है, बहनजी। ये नहीं चलेगा।"

मला वाटलं, आता आई उठेल. ती उठली नाही.

"साहब, आदेश में लिखा है, परीक्षा कम्प्यूटर पर होगी। ये कम्प्यूटर है। सॉफ्टवेयर का नाम उसमें लिखा हो तो दिखा दीजिए, मैं फ्लॉपी निकाल लूँगी।"

कागद उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ. त्या आदेशाची कार्यालयातली प्रत आईनंच टाइप केली होती, हे परीक्षकांना माहीत नसावं. अर्थ साहेबाला ठाऊक म्हणणाऱ्या आईनं त्यातला शब्द न् शब्द कुणाकडून तरी समजून घेतला होता. ते मलाही त्या दिवशीच कळलं.

"ठीक है," परीक्षक म्हणाले. "गलती हुई तो आपकी जिम्मेदारी।"

"हमारी ही होगी।"

मग सुरुवात झाली. तीन कीबोर्ड एकदम वाजू लागले. थोड्या वेळानं दोन अडखळले. तिसरा चालत राहिला, आणि त्यात घंटा येऊ लागली. टीं, खट. टीं, खट. दोन घंटांमधलं अंतर इतकं सारखं होतं की चुकलेली एखादी मला लगेच कळली असती. एकही चुकली नाही. मी बाकाची कड धरून बसले होते आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी घाबरलेली नाही. ती आत जिंकत होती आणि मला ते बाहेर ऐकू येत होतं. ऑपरेटर खिडकीशी येऊन उभा राहिला. मी दिसल्यावर मान हलवून म्हणाला, "अम्माजी तो रेलगाड़ी हैं।"

वेळ संपली. पानं छापली गेली. परीक्षकांनी आईचं पान तपासलं, मग लाल पेन्सिल बदलून पुन्हा तपासलं. दोन चुका. वेग ठरलेल्यापेक्षा इतका पुढे की त्यांनी घड्याळ कोणी धरलं होतं ते विचारलं. घड्याळ त्यांनीच धरलेलं होतं.

"ये एडिटर किसने बनाया?" त्यांनी विचारलं.

"बनाया किसी और ने," आई म्हणाली. "हमारे लायक हमारी बेटी ने किया। बाहर बैठी है। कॉलेज में पढ़ती है।"

मला आत बोलावलं. मी दारातच उभी राहिले. परीक्षकांनी उभं राहून, खरोखर खुर्चीवरून उठून, मला विचारलं की उरलेल्या दोघांना हाच एडिटर देऊन पुन्हा एक संधी दिली तर चालेल का, आणि मी त्यांना शिकवेन का. मी "जी" म्हणाले, की नुसतं तोंड उघडलं, ते आठवत नाही.

पुढच्या सोमवारी मी वहीत मुद्दे काढून गेले. रात्रभर पहिलं वाक्य हिंदीत जुळवत होते. दोघेही टायपिस्ट खुर्च्या ओढून बसले, ऑपरेटरही मागे येऊन बसला. मी वही उघडली. तेवढ्यात आई म्हणाली, "तू बस. हे मला सांगू दे." तिनं फ्लॉपी आत सरकवली, डावा हात त्या वरच्या बटणावर ठेवला आणि त्यांना म्हणाली, "पहले कान खोलो, आँख बाद में।"

तासाभरात दोघंही घंटेवर ओळ बदलू लागले. ऑपरेटरला जरा जास्त वेळ लागला. आई त्याला म्हणत होती, "धीरे, भैया, धीरे," आणि सगळे हसत होते, तोसुद्धा. मी वही मिटून मांडीवर ठेवली आणि बघत राहिले.