उजव्या दारावरचा फूटपट्टी

आमच्या सभागृहाला दोन दारं. डाव्या दारावर मी, उजव्या दारावर फूटपट्टी. हे काही त्याचं खरं नाव नव्हे. चालणं सरळ, बोलणं सरळ, गणवेशाची इस्त्रीसुद्धा सरळ, म्हणून सगळे त्याला फूटपट्टी म्हणायचे. त्याचा राग त्याला कधी आला नाही. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एकटा राहायचा, रेडिओ लावून स्वयंपाक करायचा आणि बातम्या देणाऱ्यालाच ‘हं, हं’ करायचा.

आमची ही मला लग्न झाल्यापासून विचारते, "दार उघडायचं नि लावायचं, एवढ्याचा पगार देतात?" अगं बाई, देतात! एरवी आत सगळा तोंडी कारभार असतो. ‘होय’वाले ओरडतात, ‘नाही’वाले ओरडतात, आणि कुणाचा आवाज मोठा ते अध्यक्ष ठरवतात. पण एखादा हटून बसला की आवाज नको, डोकी मोजा, तर मग घंटा वाजते. ती साऱ्या इमारतीत ऐकू जाते, कँटीनमध्ये, वाचनालयात, अगदी संडासातसुद्धा. घंटा वाजतेय तोवर लोकांनी निवडून दिलेली ही मोठी माणसं पोटं सांभाळत धावत येतात. घंटा थांबली की आम्ही दोघांनी कड्या घालायच्या. आतला तो आत, बाहेरचा तो बाहेर. मोजणी संपेपर्यंत कडी काढायची नाही, मग बाहेर कुणीही असो.

आता खरं सांगायचं तर माझी कडी जरा अडते. म्हणजे कुणी अगदी उंबऱ्यापाशी आलेला दिसला की अडते. विचारलंच कुणी, तर लाकूड फुगलंय म्हणायचं. फूटपट्टीची कडी कधी म्हणजे कधी अडली नाही. एकदा त्याने चक्क एका मंत्र्याच्या तोंडावर दार लावलं. मंत्री लालबुंद! तुला घरी बसवतो, म्हणाले. अध्यक्षांनी फूटपट्टीची बाजू घेतली म्हणून वाचला. दुसरा कुणी असता तर महिनाभर मिरवला असता. हा गडी आपला दाराची पितळी मूठ पुसत राहिला.

त्याला आपलं असं एकच माणूस होतं, त्याची बायको, आमच्या वहिनी. पहिलं मूल जन्मताच गेलं आणि वहिनींचं बोलणं हळूहळू आटलं, मग खाणं, मग झोप. नाना उपाय झाले. शेवटी शहराच्या टोकाला, जिथे बस फिरून परत निघते, तिथल्या मनाच्या आजारांच्या सरकारी रुग्णालयात त्यांना ठेवावं लागलं. फूटपट्टी दर रविवारी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून जायचा. मीही एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसलेल्या, आणि हा शेजारी बाकावर बसून त्यांना आठवडाभराचं सांगतोय. कोण कुणावर खेकसलं, कुठला ठराव पडला, कोण भाषणात अडखळलं. त्यांनी मान वळवली नाही.

परत येताना मी विचारलं, "अरे, त्यांना काही कळतं तरी का?"

"नाही कळत. डॉक्टरही तेच म्हणतात," तो म्हणाला. "पण मला तरी बोलायला दुसरं कोण आहे?"

"म्हणजे? मी काय मेलोय?" मी म्हटलं. तो हसला, पण आमच्या घरी जेवायला काही आला नाही.

मग सरकारने ठरवलं, हे रुग्णालय बंद. रुग्ण न्यायचे राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या रुग्णालयात. तिथे जायलाच अख्खा दिवस लागतो. विरोधी बाकावरच्या एका म्हाताऱ्या सदस्याने ठराव आणला की हा निर्णय रद्द करा. सरकारचं बहुमत आधीच काठावरचं, त्यात त्यांच्यातलेही काही जण कुरकुरत होते. त्यांचेच एक मिशीवाले साहेब आम्हा दोघांसमोर छातीठोक म्हणाले, "तुझ्या बायकोसारखीच माझी आत्याही आहे तिथे. पक्ष गेला खड्ड्यात, मी ठरावाला मत देणार." फूटपट्टीने नुसता सलाम ठोकला. पण साहेब वळून दिसेनासे होईपर्यंत हात खाली आला नाही.

ठरावाच्या दिवशी ओरडा दोन्हीकडून सारखाच झाला. अध्यक्षांनी घंटा द्यायला सांगितली. माणसं धावली, बाकं भरली, पण मिशीवाले साहेब कुठे दिसेनात. दिसणार कसे? त्यांच्या पक्षाच्या प्रतोदाने, म्हणजे आपल्या लोकांनी मत कुठे टाकायचं ते सांभाळणाऱ्या माणसाने, त्यांना ‘दोनच मिनिटं या’ म्हणून वरच्या खोलीत बोलावून बोलण्यात गुंतवलं होतं. लबाड कुठला!

घंटा थांबली. मी माझं दार ओढता ओढता समोर पाहिलं. फूटपट्टीच्या उघड्या दारातून लांब व्हरांडा दिसत होता आणि त्यातून मिशीवाले साहेब धावत येत होते, हात वर, कोट उडतोय. "थांब! अरे थांब!" चार पावलं राहिली असतील. मी मनात म्हटलं, अडव बाबा, आज एकदाच कडी अडव! फूटपट्टीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग दार लावलं आणि कडी घातली. बाहेरून साहेब दार बडवत होते आणि हा दाराला पाठ लावून उभा होता, डोळे मिटून.

मतं समसमान पडली. अध्यक्ष म्हणाले, सरकारचा निर्णय फिरवायचा तर स्पष्ट बहुमत हवं, ते इथे नाही; आणि अशा वेळी अध्यक्षाने आहे ते मोडू नये, हा प्रघात आहे. ठराव पडला.

दारं उघडली तसे साहेब फूटपट्टीवर तुटून पडले. "मूर्खा, मी तुझ्याच माणसासाठी धावत होतो!"

"साहेब, तुम्ही लवकर निघायला हवं होतं," फूटपट्टी म्हणाला. मोठ्या माणसाला उलट बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

मी तर त्याला फैलावरच घेतलं. "गाढवा, लाकूड फुगलं म्हणायला काय जातं रे? सगळ्यांनी डोळेझाक केली असती!"

"केली असती," तो म्हणाला. "पण मग तो निर्णय सभागृहाचा नसता. माझ्या घरचा झाला असता."

असं बोलल्यावर काय करायचं माणसाचं? मी चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. माझं डोकंच फिरलं होतं. त्याच्यावर फिरलं होतं की त्या प्रतोदावर, ते आजही सांगता येत नाही.

रुग्णांना नेलं तेव्हा अधिवेशन चालू होतं, आणि अधिवेशनात आम्हाला रजा नसते. वहिनी बसमध्ये बसून गेल्या तेव्हा फूटपट्टी उजव्या दारावर उभा होता. एका रविवारात तिथे जाऊन येणं होत नव्हतं, म्हणून रविवारी तो क्वार्टरबाहेर पायरीवर बसायचा, दाढी करून, धुतलेला शर्ट घालून. आमच्या हिने ताट वाढून मला पाठवलं की म्हणायचा, ठेव, खाईन.

अधिवेशन संपल्यावर तो जाऊन आला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रिकाम्या सभागृहात मुठी पुसत होतो. बाकं मोकळी, पंखे बंद. मला राहवेना.

"कशा आहेत वहिनी?"

"बोलली," तो म्हणाला.

"काय सांगतोस!" मी फडकं टाकून त्याच्याकडे धावलो. "बोलल्या? अरे मग तोंड का पाडून बसलायस, लेका?"

तो खाली पायरीवर बसला.

"म्हणाली, रविवारी आला का नाहीस," तो म्हणाला. "नर्स सांगत होती, तिथे गेल्यापासून दर रविवारी दाराशी जाऊन उभी राहते. कितीही ओढलं तरी हलत नाही, जेवत नाही." त्याने माझा हात घट्ट धरला. "तिला कळत होतं रे. इतकी वर्षं मी येतो ते तिला कळत होतं."