चुकेल त्याला शेव

गणिताच्या क्लासात कसले आलेत किस्से, असं आमच्या ऑफिसातले लोक म्हणायचे. आता सोमवारी डबा उघडायच्या आधी तेच विचारतात, "काल काय झालं?" कारण मल्हारगंजातल्या आमच्या रविवारच्या फुकट क्लासात काही ना काही होतंच!

शिकवणारे आम्ही दोघं. मी सांगलीहून नोकरीसाठी इंदूरला आलेली, आणि तांबेकाका पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, रिटायर्ड इंजिनिअर. मुलं अकरावी-बारावीची, आपापल्या घरात इथवर शिकणारी पहिलीच. गणित तुमच्या बस की बात नहीं, हे बहुतेकांना शाळेत कुणी ना कुणी ऐकवलेलं.

त्यातली रीना. तिला इंजिनिअर व्हायचंच होतं. पण शाळेच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या होत्या, सहामाहीनंतर मी स्वतः फळ्यावर गणित करायला लावीन, नाही जमलं तर विषय बदलायचा. त्या धसक्याने पोरगी तोंडच उघडेना.

*

तोंड तसं कुणीच उघडत नव्हतं. मग काकांनी टेबलावर शेवेचा डबा आणून ठेवला आणि इंदुरी थाटात म्हणाले,

"हे बघा भिया, जो चुकेल त्याला मूठभर शेव. पण कुठे चुकलं ते आपणच पकडायचं आणि हात पुढे करायचा."

पोरं इंदूरची. त्या रविवारी वर्गात एकही उत्तर बरोबर आलं नाही.

*

मग नियम कडक झाला. जुन्या चुकीला शेव नाही! वर्गातल्या अजयने लगेच रीनाला अडवलं, की वजाचं चिन्ह हिने मागच्या रविवारीही खाल्लं होतं.

इतके दिवस गप्प असलेली रीना ताडकन उभी राहिली. "तब भूली थी, आज गलत समझी. दोनों एक कैसे हुए?"

अर्धा तास भांडण चाललं, धडा तिथेच राहिला. काकांनी चष्मा पुसत निकाल दिला आणि रीनाला दोन मुठी शेव दिली. मला इतका आनंद झाला की एक मूठ मीही खाल्ली, न चुकता.

*

संभाव्यता शिकवायला पोरांना इथल्या, इंदूरच्या लालबागेतल्या मेळ्यात नेलं. रिंग टाकून वस्तू जिंकायच्या स्टॉलसमोर त्यांनी हिशेब मांडला, आणि मग येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रेमाने समजावायला लागली, की अंकल, चान्स फार कमी आहे.

थोड्या वेळाने स्टॉलवाल्याने हात जोडले आणि सगळ्यात मोठं प्लास्टिकचं बदक काढून दिलं. अट एकच, इथून जा. ते बदक आता आमच्या टेबलावर शेवेच्या डब्याशेजारी बसतं.

*

रीनाचे वडील रिक्षा चालवतात. मुलगी नक्की काय शिकते ते बघायला एकदा मागच्या बाकावर येऊन बसले. रीनाने त्यांना डेरिव्हेटिव्ह समजावलं. पप्पा, दिवसभराची सरासरी सोडा, ह्या क्षणी तुमची रिक्षा किती जोरात आहे, ते ह्याने कळतं.

वडिलांनी गंभीरपणे मान डोलावली. "ये तो ट्रैफिकवाला भी बताता है. बस डाँटके बताता है."

*

सहामाही झाली आणि मोठ्या मॅडमचं बोलावणं आलं. रीनाचे वडील गेटपाशी रिक्षात बसून राहिले. मला मॅडमच्या ऑफिसात बसू दिलं, न बोलण्याच्या अटीवर.

मॅडमनी तिथल्याच फळ्यावर गणित घातलं. रीनाने छान सुरुवात केली, भराभर चार ओळी लिहिल्या आणि थबकली. तिने फळ्याकडे टक लावून पाहिलं आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"यहाँ माइनस छूट गया."

आणि सवयीने, अगदी सहज, मोठ्या मॅडमपुढे हात पसरला.

मॅडमनी त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पंख्याकडे पाहिलं. रीनाच्या तोवर लक्षात आलं होतं, पण हात मागे घ्यायचंही तिला सुचेना.

मॅडमनी सावकाश ड्रॉवर उघडला. बडीशेपेची डबी काढली, चिमूटभर तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "अब आगे कर."

रीनाने बडीशेप तोंडात टाकली आणि गणित संपवलं.

सोमवारी डब्याच्या वेळी तिचा मेसेज आला. गणित कायम. आणि शाळेत त्यांच्या वर्गाच्या टेबलावर बडीशेपेची मोठी बरणी आली आहे.