गारुड्याच्या हातातला झेंडा

ओला कापूस टेकवून ठेवला आणि पाच मिनिटांत पट्टी सुटली! खाली युनियन जॅक, कालच छापल्यासारखा चकचकीत. मी ओरडलोच, "साहेब, लवकर या!"

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती. नागपुरातल्या आमच्या संग्रहालयात त्यानिमित्त प्रदर्शन होतं आणि मी तिथे जुन्या कागदांची डागडुजी करायचो. इतवारीतले विणकर गणपतराव यांनी वडिलांचा अल्बम दिला होता. त्यात सिगारेटची कार्डं होती. इंग्रजांच्या काळात पाकिटात जाड कागदावरचं एक चित्र टाकत. सिगारेटी चेपू नयेत हे एक निमित्त. गिऱ्हाइकानं सगळा सेट जमवावा, हा खरा डाव. हा सेट देशोदेशींच्या माणसांचा आणि झेंड्यांचा होता. इंग्रज जहाजावर, फ्रेंच घोड्यावर, सगळे कसे रुबाबात. आपण? पुंगीवाला गारुडी, हातात गोऱ्या साहेबाचा झेंडा. माझी तर चिडचिड झाली.

त्या झेंड्यावर नखाएवढी काळपट पट्टी डकवलेली होती. मूळ वस्तूवरचं उपरं काही दिसलं की काढायचं, हे आमचं ट्रेनिंग. मी काढलं.

"आता कसं ओरिजिनल झालं!" क्युरेटर साहेब खूश.

दुपारी गणपतराव मांडणी बघायला आले आणि कार्डापाशी थबकले.

"माह्या बापाचा झेंडा कुठी गेला जी?"

मी टीपकागदावरची पट्टी पुढे केली. ओलीनं मळ सुटला होता. मी भिंगातून पाहिलं. केशरी, पांढरा, हिरवा, मध्ये निळा ठिपका. विणलेला तिरंगा! गणपतरावांनी सांगितलं, सत्तेचाळीस साली त्यांच्या वडिलांनी साडीच्या किनारीचं रेशीम घेऊन तो विणला आणि इंग्रजाच्या झेंड्यावर डकवला होता.

"काहून काढला? अल्बम वापस द्या मले."

"अहो, उद्या उद्घाटन आहे," साहेब म्हणाले.

"मंग उद्या गारुड्याच्या हाती इंग्रजाचा झेंडा दाखवता का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी परत लावतो," म्हणत मी गोंदाची बाटली उघडली. गणपतरावांनी ती बाजूला सरकवली.

"थांबा जी. याले खळच पायजे."

खळ म्हणजे सूत ताठ व्हावं म्हणून विणकर लावतात ती पिठाची पातळ लापशी. आमच्या चहाच्या स्टोव्हवर त्यांनी ती स्वतः शिजवली आणि करंगळीनं तिरंगा जागेवर बसवला. अल्बम प्रदर्शनात राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या एका कार्डापुढे ही गर्दी! काचेला नाकं लावून लोक बघत होते.

तेव्हापासून कुठलंही उपरं सोडवण्याआधी मी मालकाला विचारतो. निम्म्या वेळा काम तिथेच संपतं.