बांधापलीकडचं रान

ऊस तोडून नेताना ट्रॉल्यांनी दोन्ही रानांत सारख्याच चाकोऱ्या पाडल्या होत्या, वीतभर खोल. माझ्या रानातल्या अजून तशाच आहेत. आज बांधापलीकडे शेजारच्या अण्णांचा ट्रॅक्टर पॉवर हॅरो चालवत होता. हॅरो माती फोडायचा, मागचा लोखंडी रोलर ती दाबत यायचा, आणि चादर झटकून अंथरावी तशी जमीन मागे उरायची.

मला ते बघवत नव्हतं आणि बांधावरून उठवतही नव्हतं.

ढेकळं फोडायला आम्ही अजून बैलांमागे लाकडी फळी ओढतो. फळीला वजन हवं म्हणून बायको दरवर्षी माझ्या मागे तिच्यावर उभी राहते, माझी कंबर घट्ट धरून. भाकरी घेऊन आली तेव्हा तीही थोडा वेळ रोलरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्याच्यावर कुणाला उभं राहायला लागत नाही वाटतं."

तेवढ्यात अण्णांनी ट्रॅक्टर थांबवून हाक मारली, "येऊ का रं तुझ्याकडं? तासाभराचं तर काम आहे."

"नको. आमची फळी बरी आहे," मी म्हणालो.

अण्णा जेवायला गेले तसा मी चपला काढून त्यांच्या रानात उतरलो. एखादं ढेकूळ तरी राहिलं असेल, या आशेने पार मधोमध गेलो. एकही सापडलं नाही. मागे वळलो, तर त्या सपाट रानात खड्डे होते ते फक्त माझ्या पावलांचे. आणि बांधावर उभी राहून बायको तेच बघत होती.