पिण्याच्या पाण्यात विसण

मला सातवा लागला आणि आमच्या वाडीत काविळीची साथ आली. नारायणगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरोदरपणात ही कावीळ जिवावर बेतू शकते. पाणी खळखळ उकळूनच प्यायचं. बाहेरचा एक घोटसुद्धा नको." मी मुळातच काळजीखोर. त्या दिवसापासून मला पाण्याशिवाय दुसरा विषयच उरला नाही. नवरा म्हणायचा, तू नुसती चूळ भरलीस तरी तुला आजारी वाटतं. चेष्टा करायला त्याचं काय जात होतं!

पाणी उकळायचं काम सासूबाईंनी, आमच्या आईंनी, अंगावर घेतलं. गॅस उगाच जळायला नको म्हणून पहाटे चुलीवर पातेलं चढायचं. मी उठेपर्यंत माझा तांब्या भरलेला असायचा, कोमट, लगेच पिता येईल असा. मला कोण कौतुक! ग्रामपंचायतीनं टाकीत पावडर टाकली की वासानं नाक मुरडणारी ही बाई माझ्यासाठी रोज विस्तव फुंकत होती.

एका सकाळी मळमळलं म्हणून मी लवकर उठले. स्वयंपाकघराच्या दारात आले, तर आईंनी वाफाळतं पाणी तांब्यात ओतलं आणि वरून माठातलं पेलाभर गार पाणी घातलं. अंघोळीच्या बादलीत विसण घालावं तसं, अगदी सहज.

"आई, हे काय?"

"लई चटका बसतोय गं. तोंड भाजंल न्हाई का तुझं? म्हून रोजच घालते."

रोजच! मी ओरडले, मग रडायलाच लागले. "कच्चं पाणी घातल्यावर उकळून उपयोग काय?" त्यांच्या हातातला पेला तसाच राहिला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. पण लागण झाली असली तर उशिरानेही दिसते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. झालं. रोज सकाळी उजेडात आरसा धरून, खालची पापणी ओढून डोळे पिवळे झालेत का बघायचे. मी आरसा खाली ठेवला की आई काहीतरी निमित्त काढून समोर यायच्या आणि माझ्या डोळ्यांत बघून जायच्या. शेवटी मला काहीच झालं नाही. साथ ओसरली. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत.

तिसऱ्या दिवशी ती पिवळी दिसू लागली. तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी आईंना समजावलं, "आजी, बऱ्याच बाळांना होतं हे. त्या पाण्याचा काही संबंध नाही." ती लवकरच बरीही झाली. पण आई काचेबाहेर हात जोडून एकच म्हणत होत्या, "माझ्याच हातनं झालं ह्ये."

मुलगी आता शाळेत जाते. तिला भरवते आजी, न्हाऊ घालते आजी. पण तिनं "आजी, पाणी" म्हटलं की आई मला हाक मारतात. मी गोठ्यात असले, हात शेणानं भरलेले असले तरी मला यावं लागतं. माठ त्यांच्या हाताशीच असतो.

"पोरीला पाणी दे गं," त्या म्हणतात, "तूच दे."