मिश्री सोडल्यावरचे बेचाळीस दिवस

माझ्या तोंडात त्या दिवशी सत्तावीस दात होते. दातांच्या डॉक्टरबाई खुणा असलेली एक बारीक सळई एकेका दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत घालत आणि आकडा सांगत. मदतनीस बाई तो कागदावर लिहून घेत. दोन, तीन, दोन. तीन, चार, तीन. तोंड उघडं ठेवून पडलेल्या माणसाला दुसरं काम नसतं, म्हणून मी मनात गुणाकार केला. एकशे बासष्ट आकडे होणार होते. खालच्या डाव्या दाढेपर्यंत सगळं बऱ्यापैकी चाललं होतं. तिथे डॉक्टरबाई थांबल्या, परत मोजलं आणि म्हणाल्या, "सात."

हिरडी आणि दात यांच्यामधली फट तीन मिलिमीटरपर्यंत असली तर ठीक. सात म्हणजे आतलं हाड झिजून खाली गेलं. त्यांनी एक्स-रे दाखवला. दाढेच्या कडेला हाडात खड्डा पडला होता, उंदरानं बांध उकरावा तसा.

शेंगदाणे खाताना ती दाढ हलते, हे मला चार महिने ठाऊक होतं. उजवीकडची तिची जोडीदार दोन वर्षांपूर्वीच काढून टाकली होती. ही गेली तर चावायला धड बाजूच उरणार नव्हती. आमच्या घरी वर्षातले आठ महिने बाजरीची भाकरी असते, आणि मला ती कडक लागते. दुधात भिजवून खायचं माझं वय झालेलं नाही.

"हा खड्डा भरता येईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हिरडी उघडून आत हाडाची पावडर भरायची. तिच्या आधारानं तुमचं हाड हळूहळू वाढतं."

"हाड कुणाचं?" मी विचारलं.

"कुणाचंच नाही काकू. कारखान्यात बनवतात."

माझे मालक कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, "शुगर फॅक्टरीत जल्म गेला माझा. हाडाची फॅक्टरी आजच ऐकली."

डॉक्टरबाई हसल्या, पण लगेच माझ्याकडे वळल्या. "मिश्री लावता ना? बेचाळीस दिवस पूर्ण बंद. नाहीतर मी पावडर भरणार नाही. तंबाखूच्या तोंडात ती नीट धरत नाही. दोन आठवड्यांनी या, दात खोलवर साफ करू."

मिश्री आमच्याकडे बहुतेक बायका लावतात. बाजारातून तंबाखू आणायची, तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, शेजारचे शिंकायला लागले की समजायचं झाली. मग चुरून डबीत. मी चोवीस वर्षं दिवसातून तीनदा लावली, म्हणजे सव्वीस हजारांच्या वर वेळा. पहाटे थोरल्या जाऊबाई आणि मी ओट्यावर बसून लावायचो. घरातल्या अर्ध्या गोष्टी त्या वेळीच ठरायच्या. त्यामुळे सोडायची म्हणजे नुसती डबी सोडायची नव्हती.

दुधाच्या नोंदीचं कॅलेंडर भिंतीवर असतंच. त्याच चौकोनांत मी खाली बारीक टिंब द्यायला लागले. मिश्री नाही, एक टिंब. पहिले तीन दिवस डोकं दुखलं आणि घरातल्या कुणाशी मी सरळ बोलले नाही. चौथ्या दिवसापासून जमू लागलं.

दहाव्या दिवशी सकाळी ब्रश केला आणि बेसिनमध्ये रक्त दिसलं. थोडं नव्हे, चांगलं लाल. चोवीस वर्षांत माझ्या हिरडीतून कधी रक्त आलं नव्हतं. मी तशीच ओट्यावर गेले.

जाऊबाईंनी तोंडात बोट ठेवूनच ऐकलं. मग थुंकल्या आणि म्हणाल्या, "बग. मिश्रीनं हिरड्या आवळून धरल्या हुत्या. तू गेलीस त्या शिकलेल्या पोरीचं ऐकायला. आता दात हातात घिऊन फिर."

"तुमच्या येतं का कधी रक्त, आक्का?"

"माझ्या? टिपूस न्हाई. लोखंड हाय लोखंड."

मला कुणाच्या बोलण्यावरून ठरवायचं नव्हतं. मी पडताळून पाहायचं ठरवलं. त्या दिवसापासून मिश्री पुन्हा सुरू केली आणि रोज रक्ताची नोंद ठेवली. पहिल्या दिवशी रक्त आलं, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी नुसता गुलाबी फेस, चौथ्या दिवशी नाही. चार दिवस, चार नोंदी. माझ्या मते निकाल लागला होता.

ठरलेल्या दिवशी कॅलेंडरचं पान गुंडाळून मी दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंसमोर ते उलगडलं आणि म्हटलं, "मॅडम, राग मानू नका, पण तुमचं चुकलंय."

त्यांनी पान नीट वाचलं. टिंबांवर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "काकू, नोंद अगदी बरोबर आहे. अर्थ मात्र उलटा काढलात."

मग त्यांनी समजावलं. तंबाखूमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. हिरडी सुजलेली असली तरी रक्त येत नाही. आत हाड झिजत राहतं आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. मिश्री सुटली की रक्त पुन्हा वाहू लागतं आणि दुखणं उघडं पडतं. "रक्त आलं तेव्हा हिरडी पहिल्यांदा खरं बोलली. तुम्ही चार दिवसांत तिला परत गप्प केलंत."

मी पान परत गुंडाळलं. हिरडीतून रक्त येत नाही याचा चोवीस वर्षं मला अभिमान होता, आणि त्यामुळेच मला काही कळलं नव्हतं.

"आधीचे नऊ दिवस धरायचे का?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा."

"नाही धरायचे," मी म्हटलं. मध्ये चार दिवस मोडले होते. पुन्हा एकपासून मोजायला लागले.

दोन बैठकांत दात मुळांपर्यंत खरवडून साफ झाले. रक्त पुन्हा सुरू झालं ते सतरा दिवस आलं. मी रोज नोंद केली आणि ब्रश थांबवला नाही. ओट्यावरही बसले, हातात चहा घेऊन. जाऊबाई म्हणायच्या, "आली बिनबोटाची." अठराव्या दिवशी रक्त थांबलं, या वेळी मिश्रीशिवाय. बेचाळिसावं टिंब दिल्यावर मालकांनी विचारलं, "आता पेढे आणू का?" मी म्हटलं, "चिकटतात. केळी आणा."

हाड भरायला सव्वा तास लागला. दुखलं नाही, फक्त जबडा उघडा ठेवून अवघडला. दहा दिवस मऊ खिचडी खाल्ली, मग टाके काढले, आणि पुढे वाट पाहण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. डॉक्टरबाईंनी सहा महिने सांगितले होते. मी ते बरोबर भरू दिले.

सहा महिन्यांनी गेले त्या दिवशी फक्त एकच दाढ मोजायची होती. सळई आत गेली. मी डोळे मिटले.

"चार."

"परत मोजा," मी म्हटलं.

परत चारच आले. नव्या एक्स-रेत खड्डा अर्ध्याच्या वर भरलेला होता. पूर्ण नाही. पुढच्या खालच्या दातांचं हाड खड्डा न पडता सगळीकडून सारखंच झिजलंय, तिथे पावडर धरणार नाही, ते नुसते जपायचे. हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि मला ते आवडलं. दाढ मात्र आता हलत नव्हती. दर तीन महिन्यांनी साफ करायला यायचं ठरलं.

घरी दोन्ही एक्स-रे उजेडात धरून मालकांना दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मला दोन्हीत ढगच दिसत्यात. पण तू म्हणतीस तर हाय."

संध्याकाळी बाजरीची भाकरी तव्यावर मुद्दाम जास्त ठेवली आणि डाव्या बाजूनं खाल्ली. आवाज मला कानात ऐकू आला. जाऊबाई समोरच होत्या. त्यांनी आपली भाकरी वरणात कुस्करून घेतली होती. गेलं वर्षभर त्या तशीच खातात, हे माझ्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

थोड्या वेळानं त्या हळूच म्हणाल्या, "ती सळई घालत्यात ती... लई दुखतं का गं?"

"दुखतं आक्का," मी म्हटलं. "जिथं हाड गेलंय तिथं जास्त दुखतं."

भाकरीचा एक कोरडा तुकडा मोडून त्यांनी तोंडात धरला, आणि मी त्यांना दवाखान्यात कधी घेऊन जाणार ते विचारलं.