पाण्याच्या जागी मॅग्नेशियम

त्या दिवाळीत आमगावजवळच्या आमच्या गावी आले ती लॅपटॉप घेऊनच. पीएचडीचं तिसरं वर्ष होतं. मातीतल्या एका जिवाणूच्या एन्झाइमचे स्फटिक मी कसेबसे वाढवले होते, त्यांच्यावर क्ष-किरण सोडून मोजमापंही मिळाली होती. त्यातून इलेक्ट्रॉनांचा नकाशा तयार होतो. त्या नकाशात एकेक अणू नीट बसवायचा, एवढं काम उरलं होतं.

दुपारची वेळ. आमची पिठाची चक्की आई चालवते. ती पडवीत दळत होती, मी आतल्या खोलीत. एन्झाइमच्या खोबणीत, जिथे त्याचं खरं काम चालतं, तिथे एक ठिपका होता. सॉफ्टवेअरने तिथे पाण्याचा रेणू बसवला होता आणि मीही महिनाभर त्याला पाणीच समजत होते. सहज म्हणून शेजारच्या अणूपर्यंतचं अंतर मोजलं. २.१ अँगस्ट्रॉम; अणूंमधली अंतरं याच एककात मोजतात. पाणी इतकं जवळ येत नाही, ते २.८च्या आसपास राहतं. दुसरं मोजलं, तेवढंच. एकूण सहा शेजारी: चार चहूबाजूंना, एक वर, एक खाली. इतक्या जवळ, असे सहा शेजारी धरून बसणं ही मॅग्नेशियमची खूण. हे मॅग्नेशियम होतं! त्याच्या आयनात आणि पाण्याच्या रेणूत इलेक्ट्रॉन दहा-दहाच, म्हणून नकाशात दोन्ही सारखेच दिसतात.

लगेच माझ्या गाइड मॅडमना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अंतरं पाठव. पण तेवढ्यावर मी पेपर पाठवू देणार नाही. पुरावा आण."

फोन ठेवला तरी हसू आवरेना. आई पिठाने पांढरे झालेले हात घेऊन दारात आली.

"काऊन वं, एकटीच हासून राहिली?"

मी तिला स्क्रीनवरचा ठिपका दाखवला. पाणी वाटत होतं ते धातू निघालं, त्याच्याशिवाय हे एन्झाइम बहुतेक चालतच नाही, असं सांगितलं.

"बहुतेक कायले? काढून पाय ना. बंद पडलं तं तोच पुर्जा कामाचा."

"आणि परत घातल्यावर चालू झालं तर?"

"मंग तं झालंच."

सुट्टी संपायच्या दोन दिवस आधीच मी गोंदियाहून गाडी पकडली. आई जरा रागावली, पण डब्यात चकल्या भरून दिल्या. प्रयोगशाळेत धातू ओढून घेणारं रसायन घालून एन्झाइममधलं मॅग्नेशियम काढलं. एन्झाइम ठप्प झालं. परत थेंबभर मॅग्नेशियम घातलं आणि अर्ध्या मिनिटात एन्झाइमचं काम मोजणाऱ्या यंत्रावरची रेघ वर चढायला लागली. मी जागेवरच उडी मारली; शेजारच्या टेबलावरच्या मुलीने दचकून नळी खाली ठेवली. पुढे मॅग्नेशियमविना वाढवलेल्या स्फटिकाच्या नकाशात ती जागा रिकामी निघाली.

मॅडमनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "लिहायला बस."

मी आधी घरी फोन केला.